गौरम्माची जागा

सिद्रामप्पाला त्या चर्चचा पहिल्या दिवसापासून राग होता. देवाधर्माचा काही संबंध नव्हता बरं का. राग होता तो छताचा.

"खांब कुठंयत?" नकाशा उघडला तेव्हाच त्यानं विचारलं होतं. पुण्याहून आलेले आर्किटेक्टसाहेब म्हणाले, खांब नाहीतच. दोन्हीकडच्या भिंती तिरप्या वर जातात आणि शेंड्याला एकमेकींना टेकतात. सिद्रामप्पानं नकाशाकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, मग वर आभाळाकडं पाहिलं.

"आन् न्हाई टेकल्या तर?"

सगळे हसले. तो हसला नाही.

हे चर्च उठत होतं मुरुडच्या अलीकडं, लातूर-बार्शी रस्त्याला लागून असलेल्या दोन एकर माळावर. आसपासच्या खेड्यांत मिळून चाळीसेक ख्रिस्ती घरं. त्यांत मजूर, दोन-चार मास्तर आणि लातूरच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या केरळच्या नर्सबाया. इतकी वर्षं त्यांची प्रार्थना पत्र्याच्या एका खोलीत चालायची. आता संत देवसहायमच्या नावानं हे नवं काँक्रीटचं काम निघालं होतं. रंग नाही, गिलावा नाही, फळ्यांचे वळ तसेच भिंतीवर उमटलेले. रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून विचारायचे, काम अर्धवट का सोडलं म्हणून. सिद्रामप्पा सांगायचा, "अर्धवट न्हाई, फॅशन हाय ती. पुढं जावा."

तो तिथला वॉचमन. वय सहासष्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आणि जिभेवर कायम मिरची. ख्रिस्ती लोकांच्या बांधकामावर हा लिंगायत म्हातारा कसा, असं तुम्ही विचाराल. शेषेराव गवंड्यानं आणला. शेषेरावनं जिथं जिथं काम घेतलं, तिथं तिथं गेली वीस वर्षं राखणीला सिद्रामप्पा. शेषेरावच्या घरात बुद्धाची तसबीर, ह्याच्या गळ्यात लिंग, आणि बांधायचं होतं चर्च. सिमेंटला त्याचं काही नसतं. त्याला वेळेवर पाणी मिळालं की झालं.

आणि पाणी मारावं तर सिद्रामप्पानंच. तिरप्या छतावर पाणी थांबत नाही, घसरून जातं. म्हणून त्यानं गोणपाटं दाभणानं एकमेकांना शिवली, छतावर पांघरली आणि एकवीस दिवस ती वाळू दिली नाहीत. टँकरचं पाणी, तेही लातुरात! चौदाव्या दिवशी शेषेराव म्हणाला, "बास झालं की आप्पा, पक्कं झालं." तर ह्यानं शेषेरावच्या तीन पिढ्या काढल्या. "तुला काय कळतंय रं? वरून पक्कं दिसतंय, आतून कच्चं ऱ्हातंय. उद्या बायाबापड्या खाली बसतील तवा पडलं म्हंजी?"

एवढं पाणी मारलं, पण त्या छताखाली तो स्वतः कधी थांबला नाही. आत काही काम निघालं तर चपला न काढता शिरायचा, काम उरकायचा आणि बाहेर यायचा. झोपणं, जेवणं, पूजा, सगळं कंपाउंडच्या कडेला पत्र्याच्या खोपटात. त्यावरून त्याला कुणी कधी चिडवलं नाही. त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपातून उरलेला माणूस पत्र्याखालीच निवांत झोपतो.

सिद्रामप्पाचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. दगडमातीचं घर, हातभर जाडीच्या भिंती. बायकोचं नाव गौरम्मा, बीदरकडची. मराठी मोडकं बोलायची आणि अनोळखी माणूस दिसला की दाराआड व्हायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. पण घर हसतं होतं, असं तो स्वतःच सांगायचा. म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी, आणि सांगून झालं की दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही.

त्या साली अनंत चतुर्दशीला तो लातूरला विसर्जन बघायला निघाला. गौरम्मा दारात उभी राहून म्हणाली, "नानू बरतीनी." मी पण येते. तर हा म्हणाला, "आन् म्हैस कोण पिळंल?"

बस. हेच शेवटचं बोलणं. जगात माणसं बायकोशी काय काय बोलतात, आणि ह्याच्या वाट्याला शेवटी म्हैस आली.

पहाटे जमीन हलली. तो दुपारपर्यंत चालत, ट्रकला लोंबकळत गावाजवळ पोचला, तर गाव सापडेना. दगडांचे ढीग आणि वर पाऊस. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातांना ती लागली. अंगावर जखम फारशी नव्हती, झोपल्यासारखी होती. फक्त गळ्यातला दोरा तुटलेला आणि इष्टलिंग गायब.

आता लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच मातीत ठेवतात. माणूस देवाच्या हाताला धरून जातो, असं आहे ते. पण त्या दिवशी खड्डे खणायला हात कुणाचे उरले होते? पाऊस, वास, रोगराईची भीती. ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून एकेका चितेवर दहा-दहा, वीस-वीस माणसं ठेवत होते. सिद्रामप्पानं दिसेल त्याचे पाय धरले. एक जण म्हणाला, "बाबा, माझी दोन लेकरं चढवलीत वर. तुझं काय घेऊन बसलास?" त्यावर काय बोलणार! गौरम्मा गेली ती जळून गेली, आणि रिकाम्या हातानं गेली.

पाचव्या दिवशी ढिगाऱ्यात चुलीपाशी ती चेपलेली चांदीची डबी सापडली. आत काळंभोर, गुळगुळीत, करंगळीच्या पेराएवढं लिंग. ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हापासून ते त्याच्याकडं होतं. सदऱ्याच्या आतल्या खिशात, वर सेफ्टीपिन लावून. आणि तेव्हापासून त्याला एकच घोर होता: ह्याला जागा कुठं द्यायची?

सांगणारे पुष्कळ होते. लातूरला मोबाईलचं दुकान चालवणारा त्याचा पुतण्या संगमेश, पोरगा वाईट नाही, पण बोलायला फटकळ. तो म्हणायचा, "काका, मठात देऊन टाका, न्हायतर मांजरा नदीत सोडा. सगळे तसंच करतेत." काका उसळायचा. "ती काय वाहून जायाला निघालीया? एकदा जाळली, आता बुडवू?" गावच्या स्वामींना विचारलं तर ते म्हणाले, देहाशिवाय समाधी होत नाही. आपणच कुठं पुरावं म्हटलं, तर जुनं गाव उठून नव्या जागी गेलेलं. जुन्या जागेवर आज बाभळी, उद्या कुणाचा नांगर, परवा प्लॉटिंग. त्याला हवी होती अशी जागा, जिथं दिवा लागतो, माणसं येऊन बसतात आणि पुढं कुणी उकरत नाही. एवढंच मागणं. तीस वर्षांत त्याला ती जागा मिळाली नव्हती, आणि आता त्याला स्वतःला खोकला लागला होता.

चर्चचे फादर रुमाव हे वसईचे. चाळिशीच्या आतले, उंच, गोरे आणि एकटे. बोलणं अगदी पुस्तकातलं. सिद्रामप्पा त्यांना सुरुवातीला भाषेवरूनच पिडायचा. "फादर, 'कृपया' काय म्हनता? मी काय सरकारी हापीस हाय?" पण संध्याकाळी काम सुटलं, मजूर गेले, की त्या माळावर दोघंच उरायचे. एक पत्र्याच्या खोलीत, एक पत्र्याच्या खोपटात. मग चहा एकाच पातेल्यात व्हायला लागला.

अशाच एका संध्याकाळी फादरांनी देवसहायमची गोष्ट सांगितली. दक्षिणेकडं त्रावणकोरच्या राजाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस. ख्रिस्ती झाला, आणि झाल्यावर जातपात न पाहता सगळ्यांत बसू-उठू लागला. धरला त्याला. म्हशीवर उलटा बसवून गावोगाव फिरवला, फटके मारले, जखमांना मिरची चोळली, वर्षानुवर्षं बेड्यांत ठेवला. शेवटी चौदा जानेवारीला डोंगरावर नेऊन गोळ्या घातल्या आणि प्रेत रानात टाकून दिलं. साधा संसारी माणूस. ना साधू, ना फादर.

"आन् बायको?" सिद्रामप्पानं विचारलं.

हा प्रश्न फादरांना आजवर कुणी विचारला नव्हता. "होती. भार्गवी नाव तिचं. ती मागे राहिली. पुढे काही वर्षांनी वारली."

"मागं ऱ्हायली," सिद्रामप्पा म्हणाला. चहा निवून गेला तरी तो पेला हातात धरून बसला.

मग त्यानं विचारलं, रानात टाकलेल्या त्या देहाचं काय झालं. फादर म्हणाले, काही दिवसांनी लोक तिथं गेले. जनावरांनी खाऊन जी हाडं उरली होती, ती गोळा केली आणि चर्चमध्ये नेऊन पुरली. "त्याच अस्थींचा एक कण आपल्याकडे येणार आहे, आप्पा. उद्घाटनाच्या दिवशी बिशप तो वेदीखाली ठेवतील. वेदी म्हणजे आमचा तो मुख्य दगडी चौथरा. तिच्याखाली एक छोटा खड्डा ठेवलाय त्यासाठीच."

"किती वर्षं झाली म्हनला त्याला?"

"पावणेतीनशे."

सिद्रामप्पानं पेला खाली ठेवला. पावणेतीनशे वर्षं! एका माणसाच्या हाडाच्या कणासाठी अजून जागा शोधतात, खड्डा राखून ठेवतात, वर छत घालतात. आणि आपण इथं त्याच छताला शिव्या देत पाणी मारून राहिलो.

त्या दिवसापासून त्याचा डोळा त्या खड्ड्यावर. वीतभर लांब, वीतभर रुंद, आतून गुळगुळीत घोटलेला. शेषेरावनं कड जरा वाकडी केली, तर आप्पानं ती तोडून परत करायला लावली. शेषेराव म्हणाला, "आप्पा, बाप्तिस्मा घेतलास का काय?" आप्पानं त्याला थापी फेकून मारली.

खड्ड्याची राखण त्याच्याकडेच होती. चोरून ठेवायचं म्हटलं असतं तर शंभर वेळा ठेवता आलं असतं. पण तो म्हणायचा, ती काय चोरून आणलेली आहे? सहा जानेवारीला तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फादरांसमोर उभा राहिला. सेफ्टीपिन काढली, डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हशीसकट.

फादरांचे डोळे भरून आले. आणि मग ते नाही म्हणाले.

"आप्पा, तिथं फक्त संतांच्या अस्थी ठेवतात. तसा नियम आहे आमचा."

"ती काय कमी संत व्हती? माझ्यासंगं सहा वर्सं काढली तिनं!"

फादर हसले नाहीत. त्यांनी उठून दार लोटलं. "नियमाचंही सोडा. खरं कारण ऐका. उद्या पन्नास वर्षांनी कुणी ही वेदी हलवली आणि खाली लिंग निघालं, तर काय म्हणतील लोक? इथं आधी देऊळ होतं, ते पाडून चर्च बांधलं. तेव्हा तुम्ही नसाल, मी नसेन, सांगायला कुणी नसेल. ही चाळीस घरं आहेत, आप्पा. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. मी त्यांच्या डोक्यावर हे कसं ठेवू?"

सिद्रामप्पानं टेबलावरची डबी आपल्याकडं ओढली. "म्हंजी माझ्या गौरम्मापायी दंगा व्हईल म्हनता? दाराम्होरं परका दिसला तर आत पळायची ती. तिच्यापायी?"

सिद्रामप्पानं डबी उचलली, खिशात घातली आणि पिन लावली. पिन बोटात गेली. त्या संध्याकाळी त्यानं चहा आपला आपण वेगळा केला.

खरं सांगायचं, तर फादरांचं चूक नव्हतं. हे सिद्रामप्पालाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पाच दिवस तो कुणाशी बोलला नाही. शेषेराव म्हणाला, "आप्पा, शिव्या तरी घाल की, करमंना झालंय." तेवढंही त्यानं केलं नाही.

रविवारी चौदाला उद्घाटन, आणि गुरुवारी आली येळवस. आता आपल्याकडची येळवस बाहेरच्याला सांगून समजत नाही. त्या अमावास्येला सगळा लातूर जिल्हा शेतात असतो. दुकानं बंद, रस्ते ओस. ज्याला शेत नाही त्याला दुसरा बोलावतो. हरभऱ्यात कडब्याची खोप करायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर, पोट फुटेस्तोवर. शेषेरावनं बोलावलं. फादरांना तर तीन शेतांची बोलावणी. संगमेशचाही फोन आला, "काका, सासुरवाडीच्या शेतात हाव आम्ही, येता का?" पण 'येता का' असं विचारतात तेव्हा यायचं नसतं, हे काकाला कळत होतं. तो सगळ्यांना एकच म्हणाला, "खड्डा उघडा हाय. राखण सोडून कसं येऊ?"

तीस वर्षांत तो कुणाच्याच येळवसीला गेला नव्हता. डोक्यावर टोपलं आणि कडेवर आंबिलाची घागर घेऊन बांधावरून पुढं चालणारी बाई दिसली, की त्याला घास उतरत नसे.

दहा वाजेपर्यंत माळ मोकळा झाला. रस्त्यावर गाडी नाही. लांब कुठल्यातरी शेतातून लोकांचा हाकारा आला आणि विरला. कुत्रंसुद्धा जेवणाच्या वासानं निघून गेलं. एवढं मोठं काँक्रीटचं छत आणि त्याच्यासमोर एक म्हातारा. सिद्रामप्पाला वाटलं, आज मी इथं पडलो तर उद्या सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही.

आणि मग तो उठला. घमेल्यात वाळू घेतली, सिमेंट घेतलं, पाणी ओतून हातानं मसाला कालवला. थापी घेतली. आत गेला. ह्या वेळी चपला बाहेर काढल्या.

वेदीपाशी बसून त्यानं डबी उघडली. लिंग बाहेर काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि खड्ड्याच्या तळाशी ठेवलं. वरून दोन बोटं मसाला चढवला की झालं. घोटून घेतलं तर शेषेरावच्या बापालाही कळलं नसतं. रविवारी बिशप येतील, वर संताचा कण ठेवतील, चाळीस घरं गाणी म्हणतील. दिवा लागेल. तीस वर्षांचा घोर मिटेल.

त्यानं थापीभर मसाला उचलला. आणि हात तिथंच थांबला.

छाती एकदम हलकी लागली. नको इतकी हलकी. डावा हात आपोआप खिशापाशी गेला, तर खिसा चपटा. तीस वर्षांत पहिल्यांदा ती अंगापासून दोन हात लांब होती. त्याला भीतीच वाटली. वाटलं, ह्या परक्या गर्दीत तिला सोडून आपण खोपटात जाऊन झोपणार? एवढी लाजरी बाई. कुणाची भाषा कळायची नाही, कुणाला तिचं नावही ठाऊक नाही. आणि फादर कशाला नको म्हणाले ते डोक्यात होतंच. त्यांच्या घरात, त्यांच्या पाठीमागं तिला लपवायचं? दाराआड उभी राहायची ती, पण लपायची नाही कधी.

"येऊ नगं म्हनलो व्हतो तवा," तो मोठ्यानं म्हणाला. "चुकलो, बाई. लई चुकलो."

रिकाम्या चर्चमध्ये त्याचाच आवाज फिरून आला. तो रडला. एवढ्या वर्षांचं साठलेलं असं रडला, की थापीवरचा मसाला फरशीवर सांडला. मग त्यानं लिंग बाहेर काढलं, गळ्यातलं स्वतःचं काढलं, आणि मांडी घालून बसून राहिला. किती वेळ, कोण जाणे. वर छत आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी फादर आले. हातात भज्जीचा डबा, बाटलीत आंबील. म्हाताऱ्यासाठी बांधून आणलेलं. दारातच त्यांना घमेलं दिसलं, थापी दिसली, फरशीवर सांडलेला मसाला दिसला. तोंड उतरलं त्यांचं.

"आप्पा, ठेवलंत?"

"न्हाई." सिद्रामप्पानं मूठ उघडून दाखवली. "ठेवून काढलं. बगा खड्डा. खोटं बोलत न्हाई."

फादरांनी खड्ड्यात पाहिलं नाही. ते डबा बाजूला ठेवून त्याच्याशेजारी खालीच बसले. मग म्हणाले, "मी त्या दिवशी नाही म्हणालो, तेव्हापासून मला झोप नाही. कंपाउंडच्या कडेला कडुलिंबाखाली जागा देतो, आप्पा. हवं तर छोटा ओटा बांधू."

"नगं." सिद्रामप्पानं मान हलवली. "आज कळलं मला. तिला जागा नगं व्हती. मलाच हलकं व्हायाचं व्हतं. आता न्हाई सोडत." त्यानं नाक पुसलं. "एक मागू का? नियमात बसंल असं मागतो."

"मागा."

"मी मेलो की आमचे स्वामी येतील, मंतर म्हनतील, बसवून मातीत ठिवतील. ते सगळं व्हईल. संगमेश करंल. पर तो माझंच लिंग हातात देईल आन् हिचं नदीत सोडंल. मला ठाव हाय त्याचं. तुमी तितं नुसतं हुबं ऱ्हायाचं आन् सांगायचं, दोन्ही द्या म्हनून. फादर माणूस सांगतोय म्हनल्यावर ऐकतील. लाजंखातर तरी."

"माझी बदली झाली तर? आमचं काही खरं नसतं. तीन वर्षं, पाच वर्षं."

"मग मी लवकर मरतो."

फादरांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मरू नका. मी लिहून ठेवतो. माझ्यानंतर जो येईल त्याला सांगून जातो, आणि संगमेशला उद्या फोन करतो. कुठंही असलो तरी निरोप आला की मी येईन. शब्द देतो."

सिद्रामप्पानं मान डोलावली.

थोड्या वेळानं फादर म्हणाले, "मला दाखवा."

"काय?"

"कसं बसवतात ते. तिथं मला कुणी विचारलं, तर माहीत नको?"

सिद्रामप्पा सरळ झाला. पाठ ताठ, मांडी पक्की, हात मांडीवर. फादर त्याच्यासमोर सरकले आणि तशीच मांडी घालायला लागले. पँट अडचण करत होती, गुडघा खाली टेकत नव्हता. सिद्रामप्पानं हात लावून तो टेकवला. फादरांनी उजवा हात पुढं केला.

"डावा, फादर. उजवा न्हाई."

फादरांनी हात बदलला. तळवा उघडून त्याच्याकडं बघत राहिले. लांबट बोटांचा, गोरा तळवा.

"पण आप्पा," ते हळूच म्हणाले, "एका तळहातावर दोन्ही मावतील का?"

"मावतात," सिद्रामप्पा म्हणाला. "तीस वर्सं झाली, रोज ठिवून बघतो."